पोर तोंड उघडे टाकून झोपते का?



मागे तुरीचे प्लॉट पाहायला गेलो असता एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम पडला. शेजारच्या वाकळेवर त्यांचा सहा वर्षांचा नातू झोपला होता. तोंड उघडे, मान मागे टाकलेली आणि घोरणे मोठ्या माणसासारखे. आजी कौतुकाने म्हणाल्या, "आज्यावर गेलाय, सायेब. त्ये बी असंच घोरायचे."

मला माझी मुलगी आठवली. पिकाचे मुरडलेले पान मला बांधावरून दिसते. पण लेकीचे उघडे तोंड "सवय आहे" म्हणून मी चार वर्षे सोडून दिले. पुढे डॉक्टरांनी जे समजावले, ते आज सांगतो.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर एक मऊ गाठ असते. तिला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. घशाच्या दोन्ही बाजूंना असतात ते टॉन्सिल. रोगजंतूंना अडवणे हे त्यांचे काम. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात अ‍ॅडेनॉइड मोठे असते, पुढे आपोआप आकसते. पण काही मुलांत ते इतके वाढते, की नाकाची वाटच बंद होते. १८६८ साली कोपनहेगनचे डॉक्टर मायर यांनी हा विकार प्रथम नीट मांडला.

नाक बंद, म्हणून मूल तोंडाने श्वास घेते. एरवी जीभ टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देते. तोंड सतत उघडे राहिले की जीभ खाली उतरते, आधार जातो. मग टाळू अरुंद व उंच होतो, वरचे दात पुढे येतात, चेहरा लांबट होतो. कोवळ्या रोपाला पडलेला बाक खोड झाल्यावर निघत नाही, तसेच हे. अर्थात चेहऱ्याची ठेवण आईबापांकडूनही येते. प्रत्येक लांबट चेहरा या गाठीमुळे नसतो.

नुकसान चेहऱ्यापुरतेही नाही. झोप मोडते, मूल दिवसा चिडचिडे राहते, काही मुले अंथरूण ओले करतात. मधल्या कानात पाणी साचून कमी ऐकू येते आणि शाळेत पोर मठ्ठ ठरते.

आयांनो, सर्दी नसताना मूल झोपले की पाहा: तोंड उघडे आहे का? रोज घोरते का? श्वास मध्येच थांबून दचकते का? असे असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. अंगणवाडीत व शाळेत तपासणीला पथक येते, त्यांनाही सांगा. एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर हरभऱ्याचा दाणा अडकलेला असू शकतो. घरी काढू नका. "तोंड मीट" म्हणून रागावून उपयोग नाही, त्याला श्वासाला दुसरी वाटच नसते.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. काहींचे औषधाने भागते. चुलीचा व विडीचा धूर मात्र मुलापासून दूर ठेवा.

माझ्या मुलीची गाठ आठव्या वर्षी काढली. त्याच आठवड्यापासून ती शांत झोपू लागली. अरुंद झालेल्या जबड्याला मात्र पुढे दोन वर्षे तार लावावी लागली. आधी पाहिले असते तर कदाचित ती लागली नसती.

हे सारे त्या आजींना सांगितले. त्या नातवाकडे पाहत राहिल्या. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "बाजारच्या दिवशी ह्याला घेऊन तालुक्याला जाऊ."