नुसती चिकटवलेली कॅप

निघालेली कॅप पाच मिनिटांत परत चिकटवून देणारा डेंटिस्ट रुग्णाची दाढ घालवतो. मी स्वतः डेंटिस्ट आहे आणि हे पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. कॅप उगीच निघत नाही. कॅपसाठी घासलेल्या दाताचा खुंट आखूड राहिलेला असतो, त्याच्या भिंती नको तितक्या निमुळत्या घासलेल्या असतात, तोंड मिटताना ती कॅप इतर दातांच्या आधी समोरच्या दातावर आपटत असते, किंवा कडेने लाळ झिरपून आतली दाढ किडलेली असते. यातलं काहीही न तपासता सिमेंट भरून कॅप दाबून बसवणं म्हणजे रोग झाकण्याचे पैसे घेणं.

कीड यातली सर्वांत घातक. आपल्याकडे कॅप बहुतेकदा रूट कॅनॉल केलेल्या दाढेवर असते. तिची नस काढलेली, त्यामुळे ती ठणकत नाही. कीड आत पोखरत राहते, रुग्णाला पत्ता लागत नाही, आणि पुढच्या खेपेला कॅपबरोबर खुंटच तुटून हातात येतो. मग दाढ काढा, इम्प्लांट बसवा, खर्च कितीतरी पट. पहिल्यांदा कॅप निघाली तेव्हा एक एक्स-रे काढला असता तर अशा कितीतरी दाढा वाचल्या असत्या. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरला नसेल, तर कॅप टिकण्याचा भरवसा कुठल्याही सिमेंटवर देता येत नाही. हे रुग्णाला तोंडावर सांगायची हिंमत नसेल त्याने हा व्यवसाय करू नये.

‘भारी सिमेंट वापरतो ना मी,’ असं उत्तर मिळतं आणि माहितीपत्रकावरचा पकडीच्या ताकदीचा, मेगापास्कलमधला आकडा पुढे केला जातो. हा आकडा निघतो तरी कसा? माणसाचा उपटलेला किंवा गाईबैलाचा दात सपाट घासतात, त्यावर सिमेंट लावतात, बहुधा 24 तास 37 अंशांच्या पाण्यात ठेवतात आणि यंत्राने तोडतात. तिथे हिरडीचं रक्त नसतं, गरम चहावर गार पाणी नसतं, झोपेत दात खाणारा माणूस नसतो. डेंटिनवरची, म्हणजे एनॅमलखालच्या थरावरची, रेझिन सिमेंटची पकड वर्षांगणिक उतरते. पाणी रेझिनला खातं आणि दातातलीच विकरं तिथल्या कोलॅजनची चिरफाड करतात. पहिल्या दिवसाचा आकडा दहा वर्षांची हमी म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

जुन्या झिंक फॉस्फेट सिमेंटला दाताशी रासायनिक पकड अजिबात नव्हती. तरी त्याने बसवलेल्या कॅप कित्येक दशकं टिकल्या, कारण खुंट नीट घासलेला होता. भिंती जितक्या समांतर तितकी पकड जास्त, हे योर्गेनसेनने 1955 मध्येच मोजून दाखवलं. त्याच वर्षी ब्युनोकोरने एनॅमलवर आम्ल लावून रेझिन चिकटवण्याची वाट उघडली. 1968 मध्ये डेनिस स्मिथचं पॉलिकार्बोक्सिलेट आलं, 1972 मध्ये विल्सन आणि केंट यांचं ग्लास आयोनोमर. दाताच्या कॅल्शियमला धरणारी ही सिमेंटं मोठी देणगी होती. आपण मात्र त्यांच्या जोरावर घासण्यातला आळस खपवू लागलो.

झिरकोनियाच्या कॅपने तर हा निष्काळजीपणा उघडाच पाडला. काचेसारख्या सिरॅमिकला, म्हणजे लिथियम डायसिलिकेटला, हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडून सायलेन हे जोडरसायन लावता येतं. झिरकोनियाला त्या आम्लाने नेहमीच्या वापरात काही होत नाही. त्याला 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनाचा फवारा लागतो आणि एमडीपी हे रसायन असलेला प्रायमर किंवा सिमेंट लागतं. एमडीपीचा फॉस्फेट गट झिरकोनियाला धरतो. पण कॅप तोंडात घालून बघितली की लाळेतले फॉस्फेट ती जागा आधीच अडवतात. तिथे दातावर वापरतो ते फॉस्फोरिक ॲसिड कॅपमध्ये चोळणारे लोक अडवणाऱ्या फॉस्फेटमध्ये आणखी भरच घालतात. निघालेली कॅप तर महिनोन् महिने लाळेत भिजलेली असते आणि आत जुन्या सिमेंटचा थर असतो. तो खरवडून काढायचा, फवारा मारायचा, दात कोरडा ठेवायचा, तात्पुरत्या सिमेंटमधलं युजेनॉल राहिलं असेल तर ते साफ करायचं, कारण ते रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. एवढं सगळं पाच मिनिटांत होत नाही.

रुग्णांनाही सांगतो. घरात ठेवलेल्या झटपट गोंदाने कॅप चिकटवू नका. ती वाकडी बसते, चावताना दाढेवर भलता दाब येतो, आणि नंतर ती काढताना निरोगी दातही तुटू शकतो. निघालेली कॅप डबीत घालून लवकरात लवकर दवाखान्यात आणा. रात्री ती सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेतेल. आणि ‘जुनीच आहे, पैसे कशाचे?’ असं विचारू नका. आतली दाढ तपासण्याचं काम नव्या कॅपइतकंच कौशल्याचं आहे.

झिरकोनियाच्या कॅपबरोबर हल्ली पाच, दहा, पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं. ती वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाढेची नव्हे. त्या कार्डावर सिमेंटचं नाव, बसवल्याची तारीख आणि आधी निघाली असल्यास त्याचं कारण लिहून मागा. ते लिहून द्यायला नकार देणाऱ्या दवाखान्यात मी माझ्या घरच्या कुणालाही पाठवणार नाही.