निकालाआधीची शिक्षा

फौजदारी वकिलीत आरोपीच्या घरच्यांचा पहिला प्रश्न मी नेहमी एकच ऐकतो : ‘वकीलसाहेब, जामीन कधी?’ निकालाचे कोणी विचारत नाही. त्यांचे काही चुकत नाही.

जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद, हे सूत्र न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये बालचंद प्रकरणात मांडले. दहशतवादविरोधी कायद्यांनी ते उलटे केले. काँग्रेस राजवटीतला १९८५ चा ‘टाडा’ १९९५ मध्ये संपला. भाजपप्रणीत सरकारचा २००२ चा ‘पोटा’ काँग्रेसप्रणीत सरकारने २००४ मध्ये रद्द केला. पण त्यातल्या अनेक तरतुदी त्याच वर्षी ‘यूएपीए’त घातल्या. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये अट आली : आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, की जामीन नाही.

तो खरा वाटतो कशावरून? पोलिसांच्याच कागदांवरून. २०१९ च्या वटाली निकालानंतर जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारीक छाननी करता येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी मी करणार ती खटला उभा राहिल्यावर; तोवर आरोपी आत. पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत राहिलेल्या आरोपीचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब प्रकरणात कायम केला, तो खटला लवकर संपण्याची चिन्हे नव्हती म्हणून.

दहशतवाद्याला कठोर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण सरकारला खटला वेळेत चालवता येत नसेल, तर त्याची किंमत आरोपीने का मोजावी? विरोधात असताना अनेक पक्ष अशा कायद्याला ‘काळा’ म्हणतात. मते मागायला येतील तेव्हा, सत्तेत असताना काय केलेत, एवढे त्यांना जरूर विचारा.