मंद वायफाय व पालकांचा खर्च

घरांतील वायफाय मंद झालें, मुलांचा अभ्यास अडूं लागला, कीं पुष्कळ पालक लगेच अधिक पैशांचा प्लॅन घेतात. आमच्या मतें हा खर्च पुष्कळदां अनाठायीं होतो. आधीं संगणक तारेनें राउटरला जोडून वेग मोजावा. तारेवरहि तो कमी भरला, तर कंपनीकडे खुशाल तक्रार करावी. पण तारेवर पुरता भरून वायफायवर घटला, तर दोष घरांतच आहे, व महाग प्लॅनानें तो जाणार नाहीं.

अमरावती-अकोल्याकडे अशा वेळीं आम्ही प्रथम कूलरकडे पाहूं. उन्हाळ्यांत खोलींत पत्र्याचा थोरला कूलर उभा राहतो आणि राउटर नेमका त्याच्या आडोशाला जातो. पत्रा लहरी परतवितो, टाकींतील पाणी त्या शोषून घेतें. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती त्यांत भर घालतात. लोखंडी कपाटामागची जागाहि तितकीच वाईट. राउटर घराच्या मध्यावर, उंच व उघड्यावर असावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मायक्रोवेव्ह भट्टीचाहि गोंगाट मिसळतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपलीकडे लवकर दुबळा होतो.

राहिला शेजार. पहिल्या पट्ट्यांत एकमेकींस न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ व ११. त्या शेजाऱ्यांनीं आपसांत वाटून घ्याव्या. नळाच्या पाळीविषयीं आपण बोलतों, मग याविषयींच संकोच कां? वाहिनी बदलण्याचें काम नववीचा विद्यार्थीहि करूं शकतो. पालकांनीं तें त्याला करूं द्यावें.