घ्यायचंय की नुसतं बघायचंय?

‘संडेला काय करतेयस?’ ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, तेव्हा मी एका इमर्सिव्ह आर्ट शोचं तिकीट काढायच्या बेतात होते. इमर्सिव्ह म्हणजे ते हो... चित्र लांबून बघायचं नाही, थेट त्याच्या पोटात शिरायचं. चारी बाजूंनी रंग, आवाज, प्रकाश आणि मधोमध आपण. फोटोसकट! मैत्रीण रोह्याची. दर वीकेंडला दिवा-रोहा गाडीने घर गाठणारी. म्हणाली, ‘अगं, तिकिटाचे पैसे ठेव आणि माझ्याबरोबर चल. पेणच्या एक स्टेशन अलीकडे उतरू. हमरापूरला.’

खरं सांगते, मला या असल्या शोजचं वेड लागलं ते ससून डॉकमुळे. 2017 चा नोव्हेंबर. मी तेव्हा मास कॉमला होते. कुलाब्याच्या 1875 सालच्या त्या मासळी बंदरात ‘स्टार्ट इंडिया’वाल्यांनी प्रदर्शन भरवलं होतं. सिंगापूरच्या टॅन झी शी हिने प्लॅस्टिकचा कचरा छतापासून लटकवून एक आख्खा समुद्र केला होता. त्याच्या खालून चालताना सॉलिड गुदमरायला झालं. बाहेर आले, फोटो बघत रस्त्यातच उभी राहिले. मागून टोपली घेऊन आलेल्या मावशी खेकसल्या, ‘ए बाय, सरक की!’ त्या कामावर होत्या. मी त्यांच्या वाटेत होते. आर्टमधलं बरंच विसरले, पण ते ‘सरक की’ अजून कानात आहे.

तर हमरापूर. मे महिन्याचं ऊन, गणपतीला अजून तीन-साडेतीन महिने. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे... या पट्ट्यात घराघरात गणपतीचे कारखाने आहेत आणि ते वर्षभर चालतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर बोटीने जायच्या म्हणून कितीतरी आधी रवाना होतात. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मी गप्पच झाले. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर नुसते गणपती. पांढरे, बिनरंगाचे, शेकड्याने. ओल्या मातीचा वास, रेडिओ, कुठेतरी स्प्रेच्या कॉम्प्रेसरची घरघर. सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेले, पण एकालाही डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते.

मी मोबाइल काढला. तेवढ्यात कारखान्याचे मालक काका समोर आले. ‘घ्यायचंय की नुसतं बघायचंय?’

‘बघायचंय,’ मी म्हटलं. जरा ओशाळूनच.

‘मग बसा,’ म्हणत त्यांनी हातात ओला ब्रश दिला. साच्यातून नुकत्याच निघालेल्या शाडूच्या मूर्तीवर जोडाची रेघ राहते, ती पुसायची. दिसायला सोप्पं! पहिल्या गणपतीचा कान मी जवळजवळ सपाट केला. काकूंनी न बोलता तो नीट करून दिला. दुसरा बरा झाला. घड्याळात बघितलं तर दीड तास गेलेला आणि फोटो एकही नाही.

चहा पिताना काकांना शायनिंग मारत ‘इमर्सिव्ह’चा अर्थ सांगायला गेले. ‘म्हणजे, इमर्शन...’

‘म्हणजे विसर्जन ना?’ काका म्हणाले. ‘आमचा सगळा घोर त्याचाच आहे.’

घोर खराच. शाडू गुजरातहून येतो, महाग पडतो, वाळायला वेळ घेतो, हलवताना तडकतो. पण पाण्यात विरघळतो. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त, हलकं, झटपट सुकणारं. पण पाण्यात जाऊन तसंच बसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या नियमांत पीओपीला नाही म्हटलं. जून 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने पीओपीच्या मूर्ती करायला आणि विकायला परवानगी दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मोकळीक दिली नाही. दरम्यान इथल्या माणसांनी साचे आधीच भरलेले, कर्ज आधीच काढलेलं. ‘लोक म्हणतात शाडूच करा,’ काका म्हणाले. ‘करू की. पण शाडूचा भाव सांगितला की पुढच्या दुकानात जातात.’

मी चहात बघत राहिले. कारण ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द माझ्या लेखांत किती वेळा आलाय हे मलाच माहीत. आणि आमच्या घरचा गणपती गेल्या वर्षी मी दुकानात बघितला होता तो फक्त किंमत विचारून.

ससून डॉकवर काय किंवा या शेडमध्ये काय, आपण दुसऱ्याच्या कामाच्या जागेत शिरतो. ‘व्वा, काय व्हेन्यू आहे!’ म्हणतो आणि सातची गाडी पकडतो. जागा मागे तिथेच राहते, तिच्या कर्जासकट. बघण्यात काही चूक नाही हो. पण निदान आपण वाटेत तर उभे नाही ना, एवढं विचारायला काय हरकत आहे?

तुम्हीही जरूर जा. फक्त गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात नको, तेव्हा तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. फोटोआधी विचारा. आणि जमलं तर घरची मूर्ती आत्ताच बुक करा. महिनोन्‌महिने आधी मिळालेली ऑर्डर म्हणजे कारखान्याला केवढा आधार, हे मला त्या दिवशी कळलं.

निघताना काकांना म्हटलं, ‘घ्यायचंय. शाडूचाच. तो दुसरा, मी पुसलेला.’ भावात घासाघीस केली नाही. काकांनी चिठ्ठीवर माझं नाव लिहून पाटाला चिकटवलं.

मैत्रीण पुढच्या गाडीने रोह्याला गेली, मी उलटी पनवेलकडे. नखांत शाडू तसाच होता. माझ्या गणपतीला अजून डोळे यायचेत. आखणीच्या दिवशी फोन करतो म्हणालेत.