पोरीनें विचारलेला प्रश्न

गुरुजींनीं सांगितलें तें खरें आणि पुस्तकांत छापलें तें त्याहूनहि खरें, अशी आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंची जुनी समजूत आहे. ती किती घातक आहे हें दाखविणारें एक नाटक अमेरिकेंत गाजलें. त्याची हकीकत वाचकांस कळावी म्हणून हे चार शब्द.

नाटकाचें नांव 'जॉन प्रॉक्टर इज द व्हिलन', म्हणजे जॉन प्रॉक्टर हाच खलपुरुष. किंबर्ली बेलफ्लॉवर या बाईंनीं तें लिहिलें. २०२२ सालीं तें वॉशिंग्टन शहरीं झालें व २०२५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलें. स्थळ जॉर्जिया प्रांतांतील लहानसें गांव, काळ २०१८. हायस्कुलांत इंग्रजीच्या तासाला आर्थर मिलरचें 'द क्रूसिबल' हें नाटक चाललें आहे.

हें जुनें नाटक १९५३ चें. १६९२ सालीं सेलेम येथें चेटुक केल्याच्या आरोपावरून खटले झाले व एकोणीस जणांना फांशीं दिलें, त्यावर तें रचलें आहे. मिलरच्या काळीं अमेरिकेंत कम्युनिस्ट हुडकण्याचें जें वेड माजलें होतें, त्याला त्यानें हा आरसा दाखविला. हेतु उत्तमच. त्यांतला शेतकरी प्रॉक्टर आपलें नांव राखण्यासाठीं खोटा कबुलीजबाब फाडून टाकतो व फांशीं जातो. म्हणून तो सत्यवीर! परंतु याच सत्यवीरानें घरीं कामाला असलेल्या अबिगेल नांवाच्या सतरा वर्षांच्या पोरीशीं संबंध ठेवला होता. पोरीला घराबाहेर काढलें, आणि नाटकांत कपटी ठरली ती तीच. खरी अबिगेल अकराबारा वर्षांची व खरा प्रॉक्टर साठीच्या घरांतला होता. त्यांचा संबंध मिलरनें कल्पनेनें जोडला. नाटकांतल्या अबिगेलच्या खोट्या साक्षीनें माणसें मेलीं हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तेवढ्यानें मोठ्या माणसाचा अपराध धुवून निघतो काय?

नव्या नाटकांतील मुली हेंच विचारतात. त्यांतली शेल्बी कांहीं महिने शाळेबाहेर राहून परत आलेली. पुढें उघड होतें कीं, ज्या लाडक्या गुरुजींनीं प्रॉक्टरचा थोरपणा शिकविला, तेच तिच्याशीं प्रॉक्टरासारखे वागले होते!

आम्ही स्वतः मास्तर, म्हणून हें आम्हांस झोंबलें. सातवीच्या एका मुलीनें एकदां आम्हांस विचारलें, "गुरुजी, हरिश्चंद्रानें शब्द पाळला, पण विकली गेली तारामती. तिला कोणीं विचारलें होतें?" आम्ही म्हणालों, "धड्यांत आहे तेवढें वाच." ती खालीं बसली, आणि वर्षभर तिनें पुन्हां प्रश्न विचारला नाहीं. तें पाप आमचें.

आमच्यांत असा प्रश्न नवा नाहीं. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांच्या नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रियांच्या चित्रांना जाब विचारला. लोकांनीं त्यांच्यावर झोड उठविली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनें उभे राहिले.

मायबापहो, प्रश्नानें ग्रंथ जळत नाहीं. ग्रंथांत दम असेल तर तो प्रश्नानें उजळतो. मिलरचें नाटक अजून शिकवितात, आतां जास्त डोळसपणें शिकवितील. पण पोरीचा प्रश्न दाबला तर तिची तक्रारहि दबते. जी धड्यावर बोलूं शकत नाहीं, ती मास्तरावर काय बोलणार? म्हणून मुलगी "मला शाळेंत जायचं नाहीं" म्हणाली, तर हातांतलें खुरपें बाजूला ठेवा आणि कां तें विचारा. तिची शाळा तोडून लग्न उरकणें म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा व शिक्षा तिला. अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्षणासाठीं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि शिक्षकाचा असा गुन्हा त्यांत अधिक गंभीर धरला आहे. पण तो कायदा पोरीच्या शब्दापासून सुरू होतो. तो शब्द आधीं घरांत ऐकला गेला पाहिजे.