विलगीकरण हवे, पण रोजीच्या हमीसह



साथ आली की ‘लोक ऐकत नाहीत, दंडुकाच हवा’ असा सूर आमच्या भागातही लागतो. विलगीकरण गरजेचे आहे, हे मलाही मान्य आहे. पण माणूस आजार का लपवतो, हे न विचारता केलेल्या सक्तीने साथ थांबत नाही, ती घराघरांत दडून बसते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोजिरांनी घरांची झडती घेतली, तेव्हा लोकांनी प्लेगचे रुग्ण लपवले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले दत्तकपुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. रुग्णाला वेगळे ठेवणे दोन्हीकडे होते, पण एकीकडे धाक होता, दुसरीकडे माया.

आमच्या बीड जिल्ह्याला तर साथ नवी नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले.  कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, कारखान्यांवर अडकलेले ऊसतोड मजूर परतू लागले, तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. आपलीच माणसे लेकराबाळांसह भर उन्हात शिवारात राहिली. गावाची भीती खोटी नव्हती. पण पाणी कोण देणार, शिधा कोण पोचवणार, हे अनेक ठिकाणी ऐनवेळी ठरवावे लागले.

ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते आणि ज्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल आहे, त्याला चौदा दिवस बसवणे म्हणजे उपाशी ठेवणे. २०२० मध्ये वापरला तो साथरोग कायदाही १८९७ चाच. त्यात शिक्षा स्पष्ट आहे, नुकसानभरपाईचा उल्लेख मात्र ओझरता. ती हक्क म्हणून मिळत नाही.

म्हणून मागणी अशी : विलगीकरणातल्या मजुराला बुडालेल्या दिवसांची रोजी कायद्याने मिळावी. ऊसतोड मजुरांसाठी हा खर्च गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने उचलावा. आणि दसऱ्याला टोळ्या निघण्याआधीच प्रत्येक ग्रामसभेने जागा, पाणी, शिधा आणि जनावरांचा चारा यांची जबाबदारी नावानिशी ठरवून ठरावात नोंदवावी.

लाड केले तर शिस्त मोडते, असे काहीजण म्हणतील. पण पोटाची हमी मिळाली की ताप आलेला माणूस स्वतःहून आरोग्य केंद्रात येईल. साथ रोखायला तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

– एक वाचक, चौसाळा (जि. बीड)