भिंत कुणाची?



ह्या अंकाचं पहिलं पान कवितेला ठेवलं होतं. कविता मागे सारली. कारण आमच्या वस्तीतला एक पोरगा. चित्रकला शिकतो, शेवटच्या वर्षाला आहे. चित्रं घेऊन चार गॅलऱ्या फिरला. एकीने आठवड्याचं भाडं सांगितलं, ते माझ्या महिन्याच्या पाळ्यांपेक्षा जास्त. दुसरीने चित्रं न बघताच विचारलं, कुणाकडून आलात?

चित्रं कसली, तर माना. आमच्या टोळीतल्या माणसांच्या. जेवणाच्या सुट्टीत गेटावर येऊन बसायचा, फाटक्या गोणीचं तागाचं कापड ताणायचा आणि कोळशाने काढायचा. तीन महिने नुसते चेहरे काढले आणि फाडले. चेहरा काढायला घेतला की जो तो फोटोला बसल्यासारखा ताठ. एक दिवस जागा नव्हती म्हणून पाठीमागे बसला. समोर ओझ्याने घट्टे पडलेली मान. म्हणाला, "भाऊ, घावलं."

आता चित्रं तयार, भिंत नाय. आणि इथंच एक बिल्डरचा माणूस उगवला. धक्क्याजवळचं रिकामं गोदाम देतो, रंग मारून देतो, छापील पुस्तक काढतो म्हणे. खाली फक्त आमचं नाव. पोरगा हरखला. मला विचारायला आला. त्याला जे बोललो तेच छापतोय.

१९८८ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातला डेमियन हर्स्ट असाच भिंत शोधत होता. सरे डॉक्समध्ये पोर्ट अथॉरिटीची इमारत रिकामी पडली होती. ती मिळवली, पोरांनी झाडली, रंगवली आणि सोळा जणांचं 'फ्रीझ' हे प्रदर्शन लावलं. हर्स्टने स्वतः घराला मारायच्या रंगाने पुठ्ठ्याची खोकी रंगवून भिंतीला ठोकली. मॅट कॉलिशॉने डोक्यावरच्या जखमेचा फोटो पंधरा उजेडाच्या पेट्यांवर लावला. कुणी बोलावील म्हणून वाट बघितली नाय. ही हिंमत मला आवडते. च्यायला, आपण आमंत्रणाची वाट बघण्यात जन्म घालवतो.

पण त्याच गोदीत पूर्वी लाकूड उतरायचं. फळ्या खांद्यावर वाहणारे डील पोर्टर डोक्यावर कातडी टोपी घालायचे, तिचं कातडं मागे मानेवर लोंबायचं. मानच ती, लंडनची असो नायतर मुंबईची. मग कंटेनर आले, जहाजं मोठी झाली, १९७० साली ती गोदी बंद पडली. माणसं गेली तेव्हा भिंती मोकळ्या झाल्या. आणि 'फ्रीझ'ला पैसा कुणाचा? गोदीच्या जमिनी ताब्यात घेऊन विकसित करणाऱ्या सरकारी महामंडळाचा, आणि कॅनरी व्हार्फ उभारणाऱ्या ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनीचा. वीस वर्षांनी, २००८ ला, हर्स्टच्या दोन दिवसांच्या लिलावात अकरा कोटी पौंडांवर रक्कम जमली. डील पोर्टरच्या टोपीला कुणी बोली लावली नसेल.

हर्स्टचं चुकलं असं मी म्हणत नाय. तो आला तेव्हा गोदी अठरा वर्षं मेलेली होती. आमची अजून मेलेली नाय. १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, हळूहळू कंटेनर तिकडं वळले, टोळ्या पातळ झाल्या, तरी आम्ही रोज पाळीला उभे राहतो. बिल्डरला त्या गोदामात चित्रं हवीत, कारण चित्रं लागली की ते रिकामंच होतं असं सगळ्यांना वाटेल. आमच्याच माना लावून आमचीच जागा मोकळी करायची, असा हा हिशोब.

पोरगा चिडला. म्हणाला, तुम्हाला भिंत असती तर बोलला नसता. खरं आहे. तीन वर्षं राबलाय तो, निकाल लागला की कॉलेज सुटणार, मग बघणार कोण? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रात्री टोळीत विषय काढला. म्हातारा मुकादम म्हणाला, गेटाबाहेरच्या लोखंडी कुंपणाला तागाच्या दोरीने बांधा की. सुतळी आपलीच.

पोराने अजून होकार दिलेला नाय. गुरुवारी बिल्डरच्या माणसाला जबाब द्यायचाय. आम्ही मात्र सुतळी बाजूला काढून ठेवलीय.